काठीची होळी कोण काढणार?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, मोलगी, तळोदा, नवापूर इथल्या शाळांतून दर वर्षी मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना बसतात. बरीचशी दहावीच्या वाढीव गुणांसाठी बसतात, आणि त्यात गैर काही नाही. इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली तर 7 गुण, ‘ब’ला 5, ‘क’ला 3. दहावीच्या निकालात एवढ्या गुणांनी बराच फरक पडतो. पण प्रत्येक केंद्रावर दोन-तीन मुलं अशी दिसतात, की त्यांना गुणांचं काही पडलेलं नसतं. घंटा झाली तरी त्यांच्या हातून कागद सुटत नाही. हे पुस्तक त्या दोन-तीन मुलांसाठी आहे. त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. आणि जिथे अजून कलाशिक्षक उरले आहेत, तिथे त्यांच्यासाठीही आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी अशा मुलाला सांगायला दोन उत्तरं होती. एक, एटीडी म्हणजे कलाशिक्षकाची पदविका कर आणि शाळेत लाग. दुसरं, कमर्शियल आर्ट कर आणि पुण्या-मुंबईची वाट धर. मासिकं आहेत, प्रकाशक आहेत, जाहिरात कंपन्या आहेत, हातात कला असली की उपाशी मरणार नाहीस. मी दुसरं उत्तर ऐकून शहाद्याहून निघालो आणि पुढची सगळी वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं, कथाचित्रं, पाठ्यपुस्तकांतली रेखाटनं यांवर जगलो. आज माझ्याकडे कुणी मूल घेऊन आलं, तर यातलं एकही उत्तर मी जसंच्या तसं देऊ शकत नाही. म्हणून या पुस्तकाची गरज वाटली, आणि म्हणूनच प्रस्तावना थोडी लांबली आहे.

आधी शिक्षकाच्या नोकरीचं बघू. शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलेच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती जिथे या वर्गांची पटसंख्या शंभराच्या वर असेल तिथेच. शहरातली शाळा शंभरी सहज ओलांडते. अक्राणी तालुक्यात घरं एकमेकांपासून लांब, आपापल्या शेतात, उतारावर विखुरलेली असतात. पाडा म्हणजे एका ठिकाणी दाटीनं वसलेली वस्ती नव्हे. अशा भागात पाड्यावरच्या शाळेचा पट शंभरावर जाणार कसा? म्हणजे जिथे घरात रंगपेटी नाही, तिथेच शाळेतही चित्रकलेचा माणूस नाही. 2011च्या जनगणनेत नंदुरबारचं साक्षरतेचं प्रमाण 64.4 टक्के होतं, राज्यात सगळ्यात कमी. ज्या जिल्ह्यात अक्षरं उशिरा पोहोचली, तिथे चित्रानं शिकवणारा माणूस सगळ्यात आधी पोहोचायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं उत्तर कमर्शियलचं. त्याचं काय झालं हे समजून घ्यायला जरा मागे जावं लागेल.

मराठीत छापील चित्रावर पोट भरण्याचा इतिहास फार जुना नाही. पुण्यात 1878 साली चित्रशाळा निघाली आणि शिळाछापावरची देवादिकांची, ऐतिहासिक पुरुषांची चित्रं घराघरांत गेली. 1894 साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. म. वि. धुरंधरांनी मोठी रंगचित्रं केली, त्याबरोबरच पोस्टकार्डांसाठी आणि पुस्तकांसाठीही चित्रं काढली. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत मराठी चित्रकाराला वर्षातून एकदा हमखास काम देणारी एक अख्खी व्यवस्था उभी राहिली. गोव्याहून आलेले दीनानाथ दलाल 1945 पासून स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढू लागले. चित्रकारानं स्वतः मालक व्हावं, ही गोष्ट त्यांनी करून दाखवली. रघुवीर मुळगावकरांची देवदेवतांची कॅलेंडरं गावोगावच्या भिंतींवर होती, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही त्यांचीच. शि. द. फडणीसांनी ‘हंस’, ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर एका शब्दाशिवाय महाराष्ट्राला हसवलं आणि नंतर गणिताच्या पाठ्यपुस्तकात तीच रेघ आणली. वसंत सरवट्यांची रेखाटनं नसती तर पु. लं.ची पुस्तकं आपल्याला आज आठवतात तशी आठवली नसती.

ही नावं गौरवासाठी सांगत नाही. या सगळ्यांच्या मागे एक गिऱ्हाईक होतं, हे दाखवण्यासाठी सांगतो आहे. चित्रशाळेमागे देवघर होतं. दलालांमागे वाचणारा मध्यमवर्ग होता. फडणीसांच्या गणितामागे 1967 साली स्थापन झालेली बालभारती होती, आणि तिथूनच 1971 साली ‘किशोर’ मासिक निघालं. चित्रकाराच्या हातातलं कौशल्य फारसं बदललं नाही. गिऱ्हाईक बदललं की धंदा बदलला. या व्यवसायात संकट पहिल्यांदाच आलं आहे असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं हा इतिहास पाहिलेला नाही.

आणि आमच्या जिल्ह्यातलं संकट तर माझ्या डोळ्यांसमोर घडलं. नंदुरबार 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात नवी कार्यालयं आली, आणि कार्यालय म्हटलं की पाटी आली. शहाद्याच्या, तळोद्याच्या पेंटरांना त्या काळात जेवायला फुरसत नव्हती. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवरची नावं, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या तमाशाच्या तंबूंचे पडदे, निवडणुकीच्या भिंती. मग काही वर्षांतच फ्लेक्स आला. ज्या पाटीला पेंटर दोन दिवस लावायचा, ती तासाभरात छापून मिळू लागली, वर गिऱ्हाइकाचा फोटोही. काही पेंटर कोरल ड्रॉ शिकले आणि फ्लेक्सच्या दुकानात बसले. काहींनी घरं रंगवण्याचं काम धरलं. काही गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायला जाऊ लागले. नंदुरबारच्या मूर्ती गुजरातपर्यंत जातात, तिथे चांगल्या हाताची गरज अजून आहे. या माणसांशी झालेल्या गप्पा या पुस्तकात आहेत. त्यांतल्या कुणीही ‘कला मेली’ असं म्हटलेलं नाही. ते रेट सांगतात, उधारी सांगतात, कुठल्या कामात पैसे बुडाले ते सांगतात. मला त्यांचं हे बोलणं कलेवरच्या अनेक व्याख्यानांपेक्षा मोलाचं वाटतं.

या पेंटरांना तारलं ते जिल्हा परिषदेच्या शाळांनी. ‘बोलक्या भिंती’ हा शब्द शिक्षणखात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाढे, बाराखडी, ऋतू, सूर्यमाला, वजनमापं, सगळं शाळेच्या भिंतीवर रंगवायचं. पैसा कधी अनुदानातून येतो, कधी लोकवर्गणीतून. हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. आधी भिंत घासून पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात. मग सुतळीला निळीची पूड लावून दोघांनी दोन टोकं धरायची, मधून ताणून सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. अशा रेघांचे चौकोन पाडायचे. हातातल्या कागदावरही तेवढेच चौकोन. आता एका चौकोनातलं दुसऱ्या चौकोनात. कान इथे, शेपूट तिथे. दुपारपर्यंत हत्ती उभा राहतो आणि मधल्या सुट्टीत मुलं त्याच्या सोंडेला हात लावून बघतात.

पण त्या पेंटरच्या हातातल्या कागदावर काय असतं? पूर्वी तो बाजारातल्या तक्त्यावरून घ्यायचा. मग मोबाइल आला. गुरुजी गुगलवर शोधून दाखवायचे, ‘असंच काढ’. आता तेच चित्र एआयला सांगून मिळतं. काही ठिकाणी तर पेंटरलाही सुट्टी. चित्र छापून सनबोर्डवर चिकटवलं की झालं. भिंतीवर छोटा भीम आहे, पऱ्या आहेत, इंग्लंडातल्या धाटणीचं शेतघर आहे. सातपुड्यातल्या शाळेच्या भिंतीवर महूचं झाड मी क्वचितच पाहिलं.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे, कारण या पुस्तकामागचा विचार तोच आहे. एआय जे चित्र फुकट देतं, ते सरासरीचं चित्र असतं. आणि सरासरीचं चित्र काढायला आम्हीच मुलांना शिकवत आलो. ग्रेड परीक्षेतला स्मरणचित्राचा कागद बघा. विषय येतो: बाजार, बसथांबा, पावसाळ्यातला एक दिवस. धडगावचं मूल काय काढतं? दोन डोंगर, मधून सूर्य, नारळाचं झाड, लाल उतरत्या छपराचं घर, बाजारात टोपल्या मांडून बसलेल्या नऊवारीतल्या बायका. हे त्यानं पाहिलेलं नसतं. त्यानं गाइड पाहिलेलं असतं. त्याच्या बाजारात बाई आमचूर घेऊन येते, काटा लावणारा व्यापारी ठाकठीक पांढऱ्या शर्टातला असतो, जीपच्या टपावर माणसं आणि कोंबड्या एकत्र असतात. पण ‘बाजार’ म्हटल्यावर ते काढायचं नसतं, असं त्याला नकळत शिकवलं गेलं आहे. आणि परीक्षकानं तरी काय करावं? त्याच्यासमोर गठ्ठा असतो, आणि ओळखीचं चित्र तपासायला सोपं जातं. पुढे हेच मूल धंद्यात येतं. प्रकाशक सांगतो, ‘एक खेडं काढून द्या’. तोही सरासरीचंच खेडं मागतो, कारण वाचकालाही तेच ओळखीचं.

आता ते काम यंत्र करतं. 2022 हे वर्ष लक्षात ठेवावं लागेल. त्या वर्षी एप्रिलमध्ये डॅल-ईची दुसरी आवृत्ती आली, जुलैत मिडजर्नी सगळ्यांसाठी खुलं झालं, ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन. शब्द लिहायचे, चित्र मिळवायचं. ही यंत्रणा चालते कशी, हे मुलांना समजेल असं पुस्तकात सांगितलं आहे. इथे थोडक्यात एवढंच, की इंटरनेटवरच्या अफाट चित्रांवर आणि त्यांच्याखाली लिहिलेल्या मजकुरावर तिला शिकवलेलं असतं. अशाच शिकवणीसाठी वापरल्या गेलेल्या लायन-5बी या संग्रहात चित्र-मजकुराच्या 585 कोटी जोड्या होत्या. त्या चित्रकारांना कुणी विचारलं नव्हतं. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेत सारा अँडरसन, केली मॅककर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकारांनी मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजनच्या कंपन्यांना कोर्टात खेचलं. ब्रिटनमधल्या सोसायटी ऑफ ऑथर्सनं 2024च्या जानेवारीत आपल्या सभासदांना विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्या चित्रकारांपैकी 26 टक्क्यांनी सांगितलं की एआयमुळे त्यांची कामं गेली आहेत, आणि 37 टक्क्यांनी सांगितलं की त्यांच्या कमाईला फटका बसला आहे. आपल्याकडे अशी मोजदाद कुणी मांडलेली माझ्या पाहण्यात नाही, पण पुण्यातल्या कुठल्याही मुखपृष्ठकाराला विचारा. दिवाळी अंकाच्या आतल्या पानांवरची कथाचित्रं आधीच कमी होत चालली होती. आता ज्या संपादकाकडे चित्राचे पैसे नसतात, त्याच्याकडे फुकटचं चित्र असतं.

आमच्या भागाच्या दृष्टीनं पुण्याइतकंच, कदाचित जास्तच, महत्त्वाचं शहर म्हणजे सुरत. तापी खोऱ्याच्या रेल्वेनं ते आम्हाला जवळ आहे, नवापूर स्टेशन तर अर्धं गुजरातेतच आहे. चित्रकलेचा हात असलेली आमच्याकडची पोरं साड्यांच्या छपाईचं डिझाइन करायला सुरतेला जातात. फुलं, वेली, बुट्टे, काठ. एका डिझाइनचे दहा रंगमेळ. हे काम संगणकावर आधीच गेलं होतं, पण त्याला माणूस लागत होता. आता त्या कामातला मोठा भाग यंत्राला करता येतो. ज्या घरानं कर्ज काढून पोराला लॅपटॉप घेऊन दिला, त्या घराला हे आधी सांगायला हवं.

या यंत्राकडे मी स्वतः काठीची होळी मागितली होती. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी संस्थानची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वर्णन करून सांगायला नको. रात्रभर ढोल. उंचच उंच बांबूचा दांडा. व्रत धरलेले बुध्या, अंगभर पांढरे गोल आणि ठिपके, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा आणि मोरपिसांचा उभा टोप. आणि होळी पेटते ती पहाटे. मी हे सगळं नीट लिहून दिलं. चित्र आलं ते मोठं झगमगीत. डोक्यावर राजस्थानी पगडी होती, तिच्यात एकच मोरपीस. भोपळे होते, पण ते लाल भोपळे होते आणि जमिनीवर ठेवलेले. अंगावरच्या ठिपक्यांच्या जागी वारलीतली त्रिकोणी माणसं होती. मागे घुमट होता. काठीला घुमट नाही.

हे वाचून एखादा कलाशिक्षक म्हणेल, ‘बघा, यंत्राला आपलं जमत नाही, आपण सुरक्षित आहोत’. तसं मला वाटत नाही. काठीचे फोटो दर वर्षी वाढत आहेत. शहरातून कॅमेरे घेऊन माणसं येतात, सगळं नेटवर टाकतात. दोन-चार वर्षांत यंत्र भोपळा कमरेला बांधायला शिकेल. त्याच्या अज्ञानावर आपला चरितार्थ उभा करता येणार नाही. मला त्या चित्रात खटकलं ते वेगळंच. मी ते चित्र दाखवलं तेव्हा शहरातल्या माझ्या परिचितांपैकी कुणालाच त्यात चूक दिसली नाही. ‘छान आहे की, आदिवासी होळी’, असं म्हणाले. पाहणाऱ्यालाच फरक कळत नसेल, तर खरं चित्र काढणाऱ्याला पैसे कोण देईल?

आणि या बाबतीत यंत्राला एकट्याला दोष देता येत नाही. नंदुरबारसारख्या भिल्ल, पावरा, गावित, कोकणी लोकांच्या जिल्ह्यात सरकारी इमारतीवर ‘आदिवासी कला’ म्हणून काय रंगवलेलं दिसतं? वारली. वारली चित्रकला मोठीच आहे. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या रेघेनं जग फिरून पाहिलं. पण ती पालघर-डहाणूकडची आहे. ती सातपुड्याच्या भिंतीवर रंगवणं हे माणसांनीच केलं, यंत्र येण्याच्या कितीतरी आधी. सातपुड्याच्या पलीकडे, झाबुआकडच्या पिटोल गावातल्या भूरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरीला होत्या. 1982 साली ते सुरू झालं. जे. स्वामीनाथन यांनी त्यांना कागद आणि रंग दिले आणि त्यांच्याच घरच्या भिंतीवरचं काढायला सांगितलं. भिल्ल ठिपक्यांची ती चित्रं आज सगळीकडे आहेत, 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. या गोष्टीत मला मोठा वाटतो तो देणारा हात. कुणीतरी कागद दिला, मजुरी दिली आणि दुसऱ्याची नक्कल करायला सांगितली नाही.

मात्र आमच्या मुलांवर दुसरं ओझंही टाकू नये. पावरा मुलगी आहे म्हणून तिनं ठिपक्यांचीच चित्रं काढावीत, असं म्हणणं हाही एक साचाच आहे. तिला मिरचीच्या पथारीवर वाळत घातलेला लाल समुद्र जलरंगात काढायचा असेल, कॉमिक्स काढायचं असेल, तोरणमाळच्या धुक्याचं ॲनिमेशन करायचं असेल, तर तिनं ते करावं. या पुस्तकातल्या चित्रांमध्ये दोन्ही प्रकार आहेत, आणि निवडताना आम्ही एकच कसोटी लावली: काढणाऱ्यानं ते पाहिलेलं आहे का? घराची भिंत कुडाची आहे की विटांची, कौलं हातानं घडवलेली की मंगलोरी, गुरं घराच्या आतल्या खणात बांधली आहेत की बाहेर, कणगी कुठल्या कोपऱ्यात आहे, हे त्या मुलाला ठाऊक असतं. ते त्याच्या रेघेत आलं की चित्र बदलतं. हे येतं पाहण्याच्या सवयीतून. ही सवय लावण्यासाठी कुठलाही महाग टॅब्लेट लागत नाही. पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही आणि बॉलपेन पुरतं.

आता पैशाचा प्रश्न, ज्याला मी टाळणार नाही. खाजगी बाजार सरासरीच्या चित्राला पैसे देणं बंद करणार, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करायला हवा. मग पाहून काढलेल्या चित्राचं गिऱ्हाईक कोण? माझ्या मते आमच्या जिल्ह्यात ते गिऱ्हाईक सार्वजनिक पैसाच असू शकतो. पहिलीच्या मुलाला भिलोरी, पावरी, मावची बोलीतून मराठीकडे आणायचं असेल, तर त्याला अशी पुस्तकं लागतात ज्यांत घर त्याच्या घरासारखं आहे. नर्मदेकाठच्या जीवनशाळांनी नव्वदच्या दशकात हे ओळखलं होतं. तिथे मुलांच्या बोलीत शिकवलं गेलं. आश्रमशाळांच्या वाचनालयांसाठी पुस्तकं येतात, अंगणवाड्यांसाठी तक्ते येतात, आरोग्यखात्याची कुपोषणावरची, सिकलसेलवरची पोस्टरं येतात. या प्रत्येक कागदावर चित्र असतं. ते कुठेतरी मोठ्या शहरात, जिल्हा न पाहिलेल्या माणसानं किंवा आता यंत्रानं केलेलं असतं. त्या पोस्टरवरची आई ज्या बाईला समजावते आहे, ती बाई स्वतःला त्या चित्रात ओळखत नाही. हा खर्च आताही होतोच. तो जिल्ह्यातल्या चित्रकाराकडे वळवायला वेगळी तिजोरी लागत नाही. कामाच्या आदेशात एक ओळ लागते: चित्र माणसानं काढलेलं असावं, जिल्ह्यात पाहून काढलेलं असावं, आणि चित्रकाराचं नाव छापलेलं असावं.

सरकारला ही माणसं दिसत नाहीत, हीच खरी अडचण आहे. सप्टेंबर 2023 मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात 18 व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, टोपल्या विणणारे, खेळणी करणारे, हार गुंफणारे. चांगली योजना आहे. त्या यादीत पेंटर नाही. शाळेची भिंत रंगवणारा माणूस कारागीर म्हणूनही मोजला जात नाही आणि कलावंत म्हणूनही नाही.

राहिला कायदा. ज्यांना कायद्याचा कंटाळा आहे त्यांनीही हा परिच्छेद सोडू नये. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं टिकतो. दलाल 1971 साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क 2031च्या अखेरीपर्यंत. धुरंधरांची चित्रं मात्र आज सगळ्यांची आहेत. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम 19 प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण कलम 17 नीट वाचा: नोकरीत असताना काढलेलं चित्र, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. आणि कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन केलेलं रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र, तेही वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याचं. म्हणजे ‘तोंडी ठरलंय’ या वाक्यात चित्रकाराचं सर्वस्व जाऊ शकतं. त्यावर कलम 57 आहे: हक्क विकला तरी चित्र आपलं आहे असं सांगण्याचा आणि बदनामी होईल अशी त्याची मोडतोड रोखण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. संगणकानं तयार झालेल्या कलाकृतीचा कर्ता कोण, याबद्दलही कायद्यात एक ओळ आहे. ती तयार करवून घेणारी व्यक्ती. पण ती ओळ लिहिली तेव्हा 585 कोटी चित्रं गिळलेलं यंत्र कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

खुल्या परवान्यांबद्दलही मुलांना समजायला हवं. प्रथम बुक्सनं 2015 साली स्टोरीवीव्हर सुरू केलं. तिथली पुस्तकं आणि चित्रं कुणीही वापरावीत, भाषांतरित करावीत, छापावीत. लहान बोलींसाठी हे वरदान आहे, कारण एकदा काढलेलं चित्र पन्नास भाषांत जाऊ शकतं. मी त्याच्या बाजूनं आहे. फक्त चित्रकाराला मोबदला एकदाच मिळतो, हे त्याला सही करण्याआधी ठाऊक हवं, आणि त्या हिशेबानं त्यानं पैसे मागायला हवेत.

या पुस्तकात काय नाही, तेही सांगतो. यश मिळवलेल्यांच्या कहाण्या नाहीत. घरबसल्या महिना अमुक कमवा, असं काही नाही. जिल्ह्यातल्या आणि जिल्ह्याबाहेर गेलेल्या, हातानं काम करणाऱ्या माणसांच्या मुलाखती आहेत; मुलांची चित्रं आहेत; एआयची साधनं वापरायची तर कशासाठी वापरावीत आणि कशासाठी नाही, यावर एक प्रकरण आहे. त्या प्रकरणातल्या काही मतांशी मी सहमत नाही. पुस्तकाच्या तरुण संपादकांना वाटतं की कच्चा आराखडा यंत्राकडून करून घ्यायला हरकत नाही. मला वाटतं, पहिली रेघ दुसऱ्याची असली की पुढचं सगळं तिच्या मागेच जातं. दोन्ही बाजू छापल्या आहेत.

ज्या मुलाला फक्त चित्रावर जगायचं आहे, त्याला मी आज असं सांगेन. पहिली काही वर्षं जोडीला दुसरं काम धर. गणपतीच्या कारखान्यात जा, शाळेच्या भिंती घे, छपाईचं तंत्र शीक, पानाची मांडणी शीक. मराठीबरोबर आपली बोली लिहायला शीक, कारण पावरीत गोष्ट लिहून तिला चित्रं काढू शकणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी आहेत आणि तिथे काम निघणार आहे. ते किती निघेल आणि कधी निघेल, याची हमी मला देता येत नाही. आईवडिलांनी विचारलं तर मी त्यांनाही हेच सांगतो, पोराच्या देखत.

शेवटच्या पानावर कराराचा एक नमुना दिला आहे, साध्या मराठीत, एका पानाचा. तो फाडून घेता यावा म्हणून कडेला टिंबांची रेघ मारली आहे. झेरॉक्स काढून घ्या. चित्र कशासाठी, किती प्रती, किती वर्षं, कुठल्या भाषांत, नाव कुठे छापायचं, पैसे कधी, आणि हे चित्र यंत्राला शिकवण्यासाठी वापरायला परवानगी आहे की नाही, अशा सात जागा त्यात रिकाम्या आहेत. शाळेची भिंत रंगवायची असली तरी तो भरून घ्या; मुख्याध्यापक आधी चकित होतील, मग सही करतील. पालकांनी पुस्तक उघडल्यावर आधी ते पान वाचावं आणि नंतर मुलाखतींकडे वळावं.